मदत हवी आहे: रोज कमरेला बाळगायला ०.३२ बोअरचं पिस्तूल घ्यावं की रिव्हॉल्वर? (ग्वाल्हेर)

लश्करी सराफ

नमस्कार मंडळी. इथे फौजेतले, वकिलीतले बरेच जण आहेत म्हणून विचारतोय. "मुळात हवंच कशाला" हा विषय कृपया नको, तो घरी रोज रात्री जेवताना होतो.

लश्कर भागातल्या सराफ्यात आमचं लहान दुकान आहे, आजोबांपासूनचं. रात्री नऊ-सव्वानऊला शटर ओढायचं आणि रोकड नि दुरुस्तीला आलेले दागिने घेऊन स्कूटरवरून चिटनीस की गोठला घरी यायचं. जेमतेम दहा मिनिटांचा रस्ता. गेल्या धनत्रयोदशीच्या आदल्या रात्री बाइकवरच्या दोघांनी खांद्यावरची पिशवी ओढली. पट्टा तुटला, मी पडलो, पिशवी माझ्याच अंगाखाली आली म्हणून वाचली. कोपर अजून दुखतं.

तेव्हाच अर्ज केला होता, परवाना आता हातात आलाय. (कुठल्या टेबलावर किती महिने पडून होता ते लिहीत नाही. २०१९ साली आमच्याकडे परवाना हवा असेल तर आधी दहा झाडं लावा आणि त्यांच्यासोबत सेल्फी आणा असं होतं, पुढे गोशाळेला दहा कांबळी द्यायची टूम निघाली. त्या मानाने मी सुटलो.)

वजन ५८ किलो, अंगकाठी किरकोळ. उन्हाळ्यात पारा ४५च्या वर जातो, तेव्हा जाकीट वगैरे शक्य नाही, बाहेर सोडलेला अर्ध्या बाह्यांचा शर्ट हाच पोशाख. त्यात काही दिसता कामा नये. सराफ्यात दिसलं की गिऱ्हाईक दचकतं.

डोळ्यासमोर तीन आहेत:
ईशापूरचं अशनी पिस्तूल. चपटं आहे, शर्टाखाली लपतं.
कानपूरचं निर्भीक रिव्हॉल्वर, वजन अर्धा किलो.
कानपूरचंच प्रबल, २०२३मध्ये आलेलं. सुमारे ७०० ग्रॅम, गोळ्यांचं चाक बाजूला उघडतं.

मन अशनीकडे ओढतंय. कोणी रोज वापरलंय का?

ता. क. ९ एमएम सुचवू नका. अमेरिकन व्हिडिओ मीही पाहतो, पण ९ एमएम आणि ०.३८ आपल्याकडे सामान्य परवान्यावर मिळत नाहीत.

खडकीचा

दुकानात जायच्या आधी एक गोष्ट पक्की डोक्यात ठेवा. "०.३२च्या गोळ्या" हे एकाच मालाचं नाव नाही. पिस्तुलाचं काडतूस आखूड असतं, रिव्हॉल्वरचं ०.३२ लाँग म्हणजे त्याहून लांब आणि बुडाला रुंद कडा असलेलं. एकाचं दुसऱ्यात चालत नाही. आमच्या शेजारच्यांनी घाईत भलतंच खोकं आणलं होतं आणि पुढे महिनाभर कागद बदलत बसले. खोक्यावर आणि काडतुसाच्या बुडावरचा 'केएफ' ठसा म्हणजे आमच्या खडकीच्या दारूगोळा कारखान्याचा, एवढा अभिमान तेवढा मिरवून घेतो.

आणि जुना साठा घेऊ नका. तारीख बघा.

निवृत्त, टेकनपूर

सराफ, तुमच्यापेक्षा वयाने मोठा आहे, म्हणून स्पष्ट लिहितो. पिस्तूल चपटं असतं हे खरं. पण तुम्हीच लिहिलंय की पिशवी खांद्यावर असते आणि ती ओढली जाते. म्हणजे त्या क्षणी तुमचा डावा हात पिशवीत अडकलेला. आता गोळी फुसकी निघाली तर?

पिस्तुलात ती गोळी बाहेर काढायला वरचा स्लाइड मागे ओढावा लागतो. दोन हातांचं काम. रिव्हॉल्वरमध्ये पुन्हा ट्रिगर ओढला की चाक फिरतं आणि पुढची गोळी समोर येते, एका हातात. मी पंचवीस वर्षं जवानांना हेच शिकवलं.

दुसरं. पिस्तूल चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या घरात, गोळी ठेवून बाळगणार की रिकामं? रिकामं बाळगलंत तर पुन्हा दोन हात. भरलेलं बाळगलंत तर सेफ्टी (ट्रिगर अडवणारा खटका) कधी खाली, कधी वर हे रोज, न चुकता लक्षात ठेवायचं. चौदा तास दुकानात उभं राहून दमलेल्या माणसाचं ते काम नाही. रिव्हॉल्वरला सहसा बाहेरची सेफ्टी नसते, त्याचा लांब आणि जड ट्रिगर हीच सेफ्टी. म्हणून ट्रिगर पूर्ण झाकणारं होल्स्टर, म्हणजे कमरेचं म्यान, हवंच. पँटच्या खिशात किल्ल्यांबरोबर टाकायचं नाही, पिशवीत तर मुळीच नाही. पिशवीच चोराला हवी आहे ना?

निर्भीकबद्दल: हलकं आहे, पण २०१४ साली बाजारात आलं तेव्हाच किंमत एक लाख बावीस हजारांच्या घरात होती. हलकं हत्यार हाताला जास्त झटकतं, हेही धरा. ०.२२चं निदर पाव किलोचं आहे, तुमच्या कामासाठी मी ते सुचवणार नाही.

आणि घरात जुनं काही आहे का?

लश्करी सराफ

काका, बरोबर ओळखलंत. बाबांकडे कानपूरचं ०.३२ रिव्हॉल्वर आहे, मधून मोडून उघडणारं. ते ७४ वर्षांचे आहेत. कपाटातल्या लोखंडी पेटीत असतं, दसऱ्याला पूजेला निघतं आणि निवडणूक आली की ठाण्यात जमा होतं. एवढाच त्याचा प्रवास. मी ते धरलंच नव्हतं डोक्यात, जुनं म्हणून.

वकीलबाई, इंदूर

मग नवं विकत घ्यायच्या आधी थांबा. शस्त्र नियम २०१६ मधला २५ वा नियम वाचा. परवानाधारक सत्तर वर्षांचा झाला किंवा हत्यार त्याच्याकडे पंचवीस वर्षं असलं, यातलं जे आधी होईल त्यानंतर तो हयात असतानाच वारसाला ते देता येतं. तुमच्या बाबांचं वय झालेलंच आहे. तुमचा स्वतंत्र परवाना असल्याने नोंद नक्की कशी करायची ते कलेक्टर कचेरीच्या शस्त्र शाखेत लेखी विचारा. तोंडी उत्तरावर एक पाऊलही टाकू नका. शस्त्र कायद्यातल्या २०१९च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला जास्तीत जास्त दोनच हत्यारं ठेवता येतात, तेही हिशोबात घ्या.

आता जे तुम्ही विचारलं नाही ते. शस्त्र नियमांतलाच ३२ वा: सार्वजनिक जागी पिस्तूल-रिव्हॉल्वर होल्स्टरमध्ये आणि पूर्ण झाकलेलं हवं. तुमच्या ग्वाल्हेरकडे लग्नात कमरेचं दाखवत फिरतात, वर हवेत गोळ्याही झाडतात. असं हवेत झाडण्याला आता दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही आहे.

तिसरं आणि सगळ्यात महत्त्वाचं. पिशवी घेऊन पळत सुटलेल्याच्या पाठीत गोळी घातलीत तर "स्वसंरक्षण" हा शब्द कोर्टात टिकवताना माझ्यासारखीला घाम फुटेल. भारतीय न्याय संहितेची ३४ ते ४४ ही कलमं एकदा बसून वाचा, मराठीत मिळतात. धोका संपला की हक्कही संपतो. आणि परवाना तुमच्या नावावर आहे. वहिनींनी किंवा दुकानातल्या मुलाने "जरा धरून ठेवतो" म्हणून घेणंही गुन्हा ठरू शकतं.

बडोद्याचा भाचा

मामा, पिशवी खांद्याला का लावता? स्कूटरच्या सीटखाली कुलपात ठेवा आणि रोज वेगळ्या वेळेला निघा. अवांतराबद्दल माफी.

लश्करी सराफ

भाचेबुवा, अवांतर नाही ते, बायको अगदी हेच म्हणाली. पिशवी आता सीटखाली जाते.

निवृत्त, टेकनपूर

सराफ, एक प्रयोग करा. तुमच्याकडे वजनं आहेत. बाबांच्या होल्स्टरमध्ये त्यांच्या रिव्हॉल्वरएवढीच वजनं घालून आठ दिवस रोजच्या कपड्यांत, रोजच्या रस्त्याने वावरा. खरं हत्यार पेटीतच राहू दे. मग लिहा.

लश्करी सराफ

आठ नाही, अकरा दिवस झाले. लिहितो.

पितळेचं ५०० आणि २००चं वजन फडक्यात गुंडाळून होल्स्टरमध्ये कोंबलं. पहिल्या दिवशी पोटाशी पुढे लावलं. गादीवर मांडी घालून बसलो तर गिऱ्हाइकासमोर पाच मिनिटांत कळ आली, स्कूटरवर वाकलो की जांघेत रुतायचं. तिसऱ्या दिवशी उजव्या कमरेला, खिशाच्या जरा मागे नेलं. तिथे जमलं. पण माझा पट्टा साधा, तो दुपारपर्यंत खाली ओघळायचा आणि मी सारखी पँट वर ओढत होतो. समोरच्या दुकानदाराने विचारलं, "पोट बिघडलंय का?" म्हणजे लपलं होतं, पण माझ्या हाताने चहाडी केली. पट्टा जाड, दुहेरी शिवणीचा घेतल्यावर हात तिकडे जाणं थांबलं. शर्ट एक माप मोठा, गडद रंगाचा. पांढऱ्या सुती शर्टातून घामाने ओलं झालं की आकार उमटतो, हे आरशात नाही, मुलीने सांगितल्यावर कळलं. तिला "पाठदुखीचा पट्टा" म्हणालो होतो. नऊ वर्षांची आहे. तिने विश्वास ठेवला असं वाटत नाही.

चपटं आणि जाड यात मला वाटलं होतं तेवढा फरक पडला नाही. फरक पट्ट्याने पडला.

बाबांचं रिव्हॉल्वर रिकामं करून, दोनदा तपासून, परवानाधारक कारागिराकडे बाबांनीच नेलं. मी सोबत होतो. उघडझाप करायची कडी किंचित ढिली निघाली, बाकी चाक प्रत्येक घराला बरोबर थांबतं. ट्रिगरला ताणकाटा लावला तर पाच किलोच्या वर गेला. आठवीत असताना एकदा मी तो चोरून ओढायचा प्रयत्न केला होता आणि हलला नव्हता, हे बाबांना परवा तिथेच सांगितलं. ते काही बोलले नाहीत. घरी आल्यावर पेटीचं कुलूप बदललं.

शस्त्र शाखेला लेखी अर्ज दिलाय, पोच घेतली आहे. अशनीचा विचार सध्या बाजूला.

काका, आता दोनच शंका. चामड्याचं होल्स्टर घामाने ओलं होऊन पोलादावर गंज धरतो का, आणि तेल किती दिवसांनी द्यायचं? आणि सरावाला रेंज मिळेपर्यंत घरी रिकाम्या हत्याराने ट्रिगरचा सराव केला तर गोळीवर आदळणाऱ्या पिनेला धोका आहे का?

निवृत्त, टेकनपूर

गंज धरतो. घरी आल्यावर रोज बाहेर काढा, कोरड्या फडक्याने पुसा, रात्री होल्स्टरमध्ये ठेवू नका. उन्हाळ्यात आठवड्याला तेलाचा हलका हात, जास्त नको, तेल गोळीत शिरतं. रिकाम्या सरावाला नकली काडतुसं घ्या, त्या वेळी खऱ्या गोळ्या दुसऱ्या खोलीत. आणि मुलगी शाळेत असताना.

कडी दुरुस्त झाल्याशिवाय मात्र त्यात एकही गोळी घालू नका.