पैसे मोजून पाहुणा

नौपाडाकर :
"हॉटेलात उतरतो तो प्रवासी नव्हे, नुसतं गिऱ्हाईक. अनोळखी घरात खोली घेतल्याशिवाय गाव कळत नाही." कालच्या या पोस्टीला तिथेच उत्तर द्यायला बसलो, लांबलं, म्हणून वेगळा धागा.

मी गिऱ्हाईकच आहे आणि मला त्याची लाज नाही. गेल्या मे महिन्यात कोकणात एका घरी तीन रात्री काढल्या. सारवलेलं अंगण, झोपाळा, सगळं फोटोतल्यासारखं. फक्त संडास मागच्या पडवीत आणि वाट यजमानांच्या माजघरातून. माजघरात आजोबा झोपलेले. रात्री दीडला पोट बिघडलं. अंधारात चाचपडत त्यांच्या उशाशी पोचलो तर झोपेतच विचारतात, "कोण रे तू?" काय सांगू? पाहुणा म्हणावं तर रात्रीचे अठराशे मोजलेले. सकाळी काकू सगळ्यांसमोर, "बरं आहे का आता पोट?" गिझर चालत नाही हे तिन्ही दिवस सांगता आलं नाही, कारण काकू समोर आंबोळ्या वाढत उभ्या. हॉटेलात मी काउंटरवर फोन करून भांडलो असतो. इथे पदरचे पैसे देऊन भीड विकत घेतली.

सीवूड्सची ताई :
पोटाची चौकशी केली हा गुन्हा झाला का हो? मुलगा पुण्याला गेल्यापासून मी त्याची खोली देते. जानेवारी २०२५ मध्ये नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर कोल्डप्ले बँडचा कार्यक्रम होता, १८, १९ आणि २१ तारखेला, तेव्हा इंदूरच्या दोन मुली आल्या होत्या. रात्री साडेबाराला परतल्या, मी जागी, भात-आमटी गरम करून दिली. त्यातल्या एकीने माझ्या पांढऱ्या टॉवेलला केसांचा रंग लावून ठेवला, दिवसभर एसी चालू ठेवून बाहेर गेल्या. बोलले का मी काही? भीड आम्हालाही असते. आणि मावशीकडे फुकट राहायला जाता तेव्हा गिझरबद्दल बोलता वाटतं?

घोडबंदरचा सेक्रेटरी :
ताई, सोसायटीला कळवलं होतंत? आमच्याकडे ‘बी’ विंगमध्ये एकाने हाच उद्योग मांडलाय. दर शनिवारी लिफ्टमध्ये नवे चेहरे, रात्री दोनला चाकांच्या बॅगा फरशीवरून खडखड, वॉचमनच्या वहीत नाव म्हणून नुसतं "गेस्ट". परदेशी माणूस आला तर २४ तासांत सरकारला कळवावं लागतं, हे यातल्या किती जणांना माहीत आहे? आम्ही सरळ ठराव केला, खोली दिली की नॉन-ऑक्युपन्सी, म्हणजे मालक स्वतः राहत नसल्याचं शुल्क, दुप्पट. महिन्यात थंड होतात.

ऐरोलीकर :
थांबा, थांबा. दुप्पट? शासनाने २००१ सालीच ठरवून दिलंय, सेवाशुल्काच्या १० टक्क्यांच्या वर एक पैसा घेता येत नाही. तुमच्या ठरावाने काय होतं? शिवाय ताई स्वतः त्याच घरात राहतात. मालक घरात असताना नॉन-ऑक्युपन्सी कसली?

माझ्या फ्लॅटमध्ये सख्खा भाऊ राहतो. जवळच्या नातेवाइकांना हे शुल्क लागतच नाही, तरी आमच्या कमिटीने अकरा महिने लावलं. विचारलं तर म्हणे, "भाऊ कशावरून?" आईचा जन्मदाखला आणू का?

घोडबंदरचा सेक्रेटरी :
तुम्ही कधी सेक्रेटरी झालायत? फुकट काम आहे. टँकरचं बिल कोण भरतं विचारा. शनिवारी सहा माणसं अंघोळ करून जातात आणि १० टक्के सांगतायत मला!

ऐरोलीकर :
टँकरसाठी पाण्याचं वेगळं मीटर बसवा. बेकायदा शुल्क हा त्यावरचा उपाय नव्हे. आणि हो, झालोय सेक्रेटरी, चार वर्षं. म्हणूनच माहीत आहे कमिटीत बसलं की माणसाला ठराव म्हणजे घटनादुरुस्ती वाटायला लागते.

खवचट :
मूळ विषय गेला टँकरमध्ये. तरी घालतो माझी भर. हे सगळं ॲपवाल्यांनी शोधून काढलं अशा थाटात का बोलतात लोक? सॅन फ्रान्सिस्कोतल्या त्या दोन पोरांनी ऑक्टोबर २००७ मध्ये दिवाणखान्यात हवेच्या गाद्या टाकून माणशी ८० डॉलर घेतले, त्यातून घरातल्या खोल्या भाड्याने देणारं एअरबीएनबी निघालं. पण त्याच्या कितीतरी आधी पंढरपूरला आणि त्र्यंबकेश्वरी आपले आजे-पणजे उपाध्यांच्या घरीच उतरायचे. जेवण तिथेच, वहीत नाव तिथेच. दक्षिणा ठेवताना कोणी विचारलं नाही मी पाहुणा की गिऱ्हाईक.

नौपाडाकर :
उपाध्यांनी तारांकन मागितलं नाही हो. मला परत आल्यावर पाच तारे द्यावे लागले. काकूंना चार कसे देणार?

खारघरवाली :
सेक्रेटरीसाहेब, ‘नवे चेहरे’ वाचून लिहावंसं वाटलं. आम्ही चिपळूणचे. आईच्या उपचारांसाठी खारघरला टाटाच्या ॲक्ट्रेक या कॅन्सर हॉस्पिटलात यायचो. दोन महिने एका बाईंच्या घरातली खोली घेतली होती. आईला वास सहन व्हायचा नाही, तर त्या बाईंनी त्या दिवसांत घरात फोडणी दिली नाही, स्वतः उकडलेलं खाल्लं. भाडं रोख घेतलं, एक रुपया सोडला नाही, तेही सांगते. त्यांच्या सोसायटीत नोटीस लागली होती, "बाहेरच्यांनी लिफ्ट वापरू नये." आई तिसऱ्या मजल्यावर बसत बसत चढायची. नंतर मी खारघरलाच घर घेतलं. आता मी कमिटीच्या मीटिंगला जाते.

घोडबंदरचा सेक्रेटरी :
पेशंटची गोष्ट वेगळी. आमच्याकडे अशी नोटीस लावलेली नाही. दुप्पटचं बघतो पुढच्या सभेत. बॅगांची खडखड मात्र आहेच, ती कोणी नाकारू नये.

मुशाफिर :
नौपाडाकर, मार्चमध्ये मंडणगड तालुक्यात वेळासला जा. कासवांची पिल्लं समुद्रात सोडतात. मुक्काम गावातल्या घरांतच, जेवणही तिथलंच. पहाटे उठवायला घरातलं माणूस येतं. अंधारात किनाऱ्यापर्यंत चालत जाताना त्यांच्याकडून जे ऐकायला मिळतं ते काउंटरवर मिळत नाही.

नौपाडाकर :
बरं, जाईन. ताई, मावशीकडच्या गिझरचा मुद्दाही मान्य, तिथेही गप्पच बसतो. पण बुकिंगच्या फोनवर पहिला प्रश्न संडासाचाच असेल, आणि त्याला कोणी शहरी नखरे म्हणू नये.

ऐरोलीकर :
माझ्या अकरा महिन्यांच्या पैशांचं कोणी सांगेल का? थेट सहकार खात्याच्या उपनिबंधकांकडे जाऊ?

घोडबंदरचा सेक्रेटरी :
आधी कमिटीला लेखी द्या. आणि पोच घ्या, शिक्क्यासकट. आमच्यासारखे लोक नंतर "अर्ज मिळालाच नाही" म्हणतात.