'निवडणूक निधीचा गैरवापर' : नेमका अर्थ काय आणि मराठीत लिहायचं कसं?

पिंपळपान

आमच्या मंडळाच्या अंकासाठी लेख लिहिते आहे, त्यात अडले आहे. आम्ही अमेरिकेत, कॅलिफोर्नियातल्या सॅन डिएगो काउंटीच्या पूर्व भागात राहतो. डंकन हंटर इथलेच खासदार होते. त्यांच्या आधी त्यांचे वडील याच भागातून निवडून यायचे. ऑगस्ट २०१८ मध्ये हंटर आणि त्यांच्या पत्नीवर आरोप ठेवले गेले, की प्रचारासाठी लोकांनी दिलेल्या पैशांतून अडीच लाख डॉलरच्या वर रक्कम त्यांनी घरखर्चाला वापरली. इटलीची सहल, मुलांच्या शाळेची फी, दातांच्या डॉक्टरचं बिल, घरच्या सशाचं विमानाचं भाडंसुद्धा.

मी लिहिलं, 'निवडणूक निधीचा गैरवापर'. साताऱ्याहून आलेल्या सासूबाईंनी मजकूर वाचला आणि विचारलं, "म्हणजे मतदारांना पैसे वाटले का त्याने?" म्हटलं, नाही हो, निवडणुकीवर खर्च करायचे पैसे घरी उडवले. तर म्हणाल्या, "मग तसं लिही की. हे वाचून मला वाटलं निवडणुकीत उधळले."

त्यांचं बरोबर आहे. आपल्याकडे हे शब्द वाचले की डोळ्यांसमोर येतं ते पैसे वाटप. इथे गुन्हा अगदी उलटा आहे. अपहार, अफरातफर, दुर्विनियोग, की सरळ 'पैसे खाल्ले'?

दुसरा प्रश्न लोकांच्या प्रतिक्रियेचा. आरोप ठेवल्यावर अडीच महिन्यांनी निवडणूक झाली आणि हंटर जवळपास ५२ टक्के मतं घेऊन निवडून आले. त्यामुळे 'जनक्षोभ' लिहायला हात धजत नाही. त्या प्रतिक्रियेला काय म्हणायचं?

खतावणी

अपहार. दुसरा शब्द शोधू नका.

सहकारी संस्थांच्या लेखापरीक्षणात माझी सगळी नोकरी झाली, म्हणून जरा सविस्तर सांगतो. चोरीत पैसा मुळात दुसऱ्याच्या ताब्यात असतो. अपहारात तो रीतसर तुमच्या हाती आलेला असतो, विश्वासाने, विशिष्ट कामासाठी, आणि तुम्ही तो आपलासा करता. जुन्या दंडसंहितेत अपहाराचं कलम ४०३ आणि न्यासभंगाचं (विश्वासाने सोपवलेल्या मालमत्तेबाबत केलेल्या विश्वासघाताचं) ४०५ होतं. आता भारतीय न्याय संहितेत तीच ३१४ आणि ३१६ झाली आहेत.

गैरवापर हा सौम्य शब्द आहे. कचेरीची जीप लग्नाला नेली तर गैरवापर. जीप परत येते. पैसा परत येत नाही.

एका पतसंस्थेच्या तपासणीत (नाव सांगत नाही) किर्दीला (रोजच्या जमाखर्चाच्या वहीत) एक रक्कम 'सभासद प्रशिक्षण' म्हणून खर्ची पडलेली होती. व्हाउचर उलटलं तर मागे टाचणीने लावलेलं बिल साड्यांच्या दुकानाचं. सचिवांनी आधी ती रक्कम तसलमात, म्हणजे आगाऊ रक्कम, म्हणून उचलली होती आणि मार्चअखेर जवळ आली तेव्हा मिळेल ते बिल जोडून मोकळे झाले. खर्चाला खोटं नाव दिलं की तिथे गैरवापर संपला. मी अहवालात अपहारच लिहिला आणि तो पुढे टिकला.

पिंपळपान

खतावणी, हंटर यांच्या आरोपपत्रात जवळजवळ हेच आहे! त्यांना हवाईला घालायच्या चड्ड्या घ्यायच्या होत्या. पत्नीने सुचवलं की गोल्फच्या दुकानातून घे, म्हणजे जखमी सैनिकांसाठी चेंडू घेतले असं दाखवता येईल. हंटर स्वतः मरीन दलात होते, म्हणून ते वाचताना फार वाईट वाटलं होतं. घरच्या खात्यावर शिल्लक नसताना सात वर्षांत ११०० च्या वर वेळा उचल झाली, असंही त्यात आहे.

देवराई

अपहाराला अनुमोदन. मात्र 'निवडणूक निधी' चुकीचं आहे. निवडणूक घेतो निवडणूक आयोग, त्यामुळे निवडणुकीचा निधी म्हणजे आयोगाला मिळणारा पैसा. उमेदवार करतो तो प्रचार. म्हणून 'प्रचारनिधीचा अपहार'. दोन शब्दांत काम होतं आणि दोन्ही आपले.

अफरातफर कृपा करून नको. चांगला संस्कृत शब्द असताना अरबीकडे कशाला जायचं? शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करून घेतला तो याचसाठी. साडेतीनशे वर्षांनी आपण पुन्हा मागच्या दाराने तेच शब्द आत घेतो आहोत.

घाटमाथा

देवराई, मागच्या दाराने कोणी आलं नाही. अफरातफर हा शब्द इतका आपला झाला आहे की हिंदीवाल्यांना त्याचा आपला अर्थ कळत नाही. मूळ अरबीतली जोडी आहे, इफ़रात आणि तफ़रीत, म्हणजे अति आणि उणं. हिंदी-उर्दूने त्यातून 'अफरातफरी' केली, अर्थ गोंधळ, पळापळ. मराठीने 'अफरातफर' केली, अर्थ हिशोबातला गडबडगुंडा. अति कुठे, उणं कुठे, हे हिशोबाच्याच वहीत दिसतं. माझ्या मते मराठीने मुळाशी जास्त इमान राखलं.

याचा त्रास नागपूरच्या एका वृत्तपत्रात असताना रोज व्हायचा. हिंदी एजन्सीची बातमी यायची, 'स्टेशन पर अफरातफरी', आणि नवी मुलं मराठी मथळा करायची 'स्थानकात अफरातफर'. वाचणाऱ्याला वाटायचं तिकीट खिडकीवरच्या कारकुनाने पैसे मारले.

आणि 'फंड'ही आपलाच म्हणा. तळेगावचा काचकारखाना १९०८ साली 'पैसा फंडा'तून उभा राहिला. माणशी एक पैसा गोळा करणाऱ्यांना 'निधी' शब्द माहीत नव्हता असं नाही. देणाऱ्याच्या तोंडी बसेल तो शब्द त्यांनी घेतला.

चावडी

एवढी चर्चा कशाला? 'प्रचाराचे पैसे खाल्ले.' कोणत्याही गावात कोणालाही कळतं.

खतावणी

चावडी, 'खाल्ले' मध्ये लाचही येते. तलाठ्याने दाखल्यासाठी पैसे खाल्ले आणि चेअरमनने संस्थेचे पैसे खाल्ले, हे दोन वेगळे गुन्हे आहेत. लाच देणारा सहसा आपलं काम करून घेतो. अपहारात देणाऱ्याला पत्ताच नसतो.

सासूबाईंचा गोंधळ का झाला, तेही सांगतो. आपल्याकडे उमेदवाराच्या खर्चाला मर्यादा आहे. मोठ्या राज्यांत लोकसभेला ९५ लाख, विधानसभेला ४० लाख. निकालानंतर ३० दिवसांत हिशोब द्यायचा, न दिला तर तीन वर्षांपर्यंत अपात्रता. म्हणजे आपला कायदा विचारतो, निवडणुकीवर जास्त तर नाही ना खर्च केलास? अमेरिकेत उमेदवाराच्या खर्चाला अशी सरसकट मर्यादा नाही, पण तो पैसा स्वतःवर खर्च करायला बंदी आहे. तिथला कायदा विचारतो, निवडणुकीवरच खर्च केलास ना? दोन्हीकडे बातमीत 'निवडणुकीच्या पैशांचा गैरवापर' असंच लिहायचं म्हटलं तर वाचणारा आपल्या सवयीचाच अर्थ घेणार. त्यात त्याची चूक नाही.

पिंपळपान

हे मी लेखात तुमच्या नावाने, म्हणजे टोपणनावाने, घालू का? यातच सगळं आलं.

घाटमाथा

एक शब्द सगळे विसरलात. थैली.

पूर्वी पुढाऱ्याला थैली अर्पण करायचे. १९१६ मध्ये लोकमान्यांना साठीनिमित्त पुण्यात एक लाखाची थैली दिली आणि त्यांनी ती राष्ट्रकार्याला दिली. त्याचं कौतुक झालं कारण थैली माणसाला दिलेली असते, ती त्यांनी स्वतःसाठी ठेवली असती तरी कायद्याने कोणी बोलू शकलं नसतं. वर्गणीचं तसं नाही. ती कामाला दिलेली असते, माणूस फक्त ती सांभाळतो. गणपतीची वर्गणी खजिनदाराच्या घरात असते म्हणून त्याची होत नाही.

हंटर यांना लोकांनी वर्गणी दिली होती आणि त्यांनी तिची थैली केली. माझं मत 'प्रचाराची वर्गणी हडपली' याला.

देवराई

वर्गणी मान्य. उत्तम सुचवलंत. पण हडपणे म्हणजे बळाने किंवा कपटाने दुसऱ्याची वस्तू बळकावणे, जमीन हडपतात. ताब्यातल्या पैशाला हडपणे चालणार नाही. 'प्रचारवर्गणीचा अपहार'.

चावडी

'प्रचारवर्गणी' हा शब्द कोणी उच्चारून दाखवा एकदा मोठ्याने.

नदीकाठ

टोकियोहून. इथे याच गोष्टीवर दीड-दोन वर्षं शब्दांचीच लढाई चालली होती, म्हणून लिहितो.

सत्ताधारी पक्षातले गट पैसे जमवायला मेजवान्या करायचे. खासदाराला तिकिटं विकायचा कोटा असायचा, त्याच्या वर विकलेल्या तिकिटांचा पैसा खासदाराकडे परत यायचा आणि कुठेच नोंदला जायचा नाही. २०२३ च्या अखेरीस हे बाहेर आलं. वर्तमानपत्रं आणि विरोधक त्याला 'उरागाने' म्हणत. उरा म्हणजे मागची बाजू, काने म्हणजे पैसा. पक्षाची माणसं 'फुकिसाई' म्हणत, म्हणजे नोंद करायची राहिली. एकच पैसा, पण पहिला शब्द म्हणतो लपवला, दुसरा म्हणतो लिहायचा राहिला. माझ्या कचेरीत फुकिसाई म्हणणारा माणूस मला भेटला नाही. एप्रिल २०२४ मध्ये पक्षाने ३९ जणांवर कारवाई केली आणि ऑक्टोबरच्या निवडणुकीत सत्ताधारी आघाडीचं बहुमत गेलं.

उरागानेला मराठीत काय म्हणाल? काळा पैसा मोठा होतो.

घाटमाथा

परभारे. 'परभारे वळवलेला पैसा'. ज्या वाटेने जायला हवा त्या वाटेने न जाता बाहेरच्या बाहेर गेलेला. फार नेमका शब्द आहे आणि मरत चालला आहे.

खतावणी

परभारे चांगला, पण त्यात दोष असेलच असं नाही. सासरहून परभारे माहेरी गेली, यात गुन्हा नाही. जमाखर्चात आम्ही 'हिशोबाबाहेरची रक्कम' लिहायचो.

पिंपळपान

पहिला प्रश्न सुटला असं धरते. दुसऱ्याचं काय? जपानमध्ये लोकांनी सत्ता हलवली, त्याला क्षोभ म्हणता येईल. आमच्याकडे २०१६ मध्ये हंटर यांना ६३ टक्के मतं होती, आरोपांनंतर ५२ च्या आत आली. म्हणजे राग होता. पण रस्त्याच्या कडेला त्यांच्या पाट्या शेवटपर्यंत होत्या आणि आमचे शेजारी, अतिशय सज्जन गृहस्थ, मला म्हणाले की हा खटला राजकीय आहे आणि दुसऱ्या पक्षाला जागा द्यायची नाही. हंटर स्वतःही हेच सांगत होते. डिसेंबर २०१९ मध्ये त्यांनी गुन्हा कबूल केला, तेव्हा मात्र शेजारी त्या विषयावर बोलेनासे झाले. पुढे ११ महिन्यांची शिक्षा झाली आणि तुरुंगात जाण्याआधीच, डिसेंबर २०२० मध्ये, राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी माफी दिली.

चावडी

"खातो पण कामं करतो." आमच्याकडे हे वाक्य प्रत्येक निवडणुकीत ऐकतो. राग नसतो असं नाही, राग गिळलेला असतो. मोठा शब्द लावून लोकांना वेड्यात काढू नका. त्यांच्यापुढे दोनच नावं असतात.

पिंपळपान

चावडी, मी लोकांना वेड्यात काढत नाही. पण ज्यांनी पेन्शनमधून पंचवीस डॉलर पाठवले त्यांच्या पैशावर कोणी इटलीला जात असेल, तर 'कामं करतो' हे उत्तर मला पटत नाही. ते तुम्ही नेहमीचं म्हणून सोडून देता, हेच मला खटकतं.

चावडी

सोडून देत नाही. मी स्वतः ग्रामसभेत हिशोब मागितला आहे आणि त्यानंतर दोन वर्षं आमच्या वस्तीचा रस्ता अडला. गिळलेला राग काय असतो ते मला माहीत आहे, म्हणून तो शब्द वापरला.

घाटमाथा

'पाठराखण' चालेल का? नवरीबरोबर सासरी जाते ती पाठराखीण. ती नवरीच्या गुणदोषांचा निवाडा करत नाही, फक्त सोबत असते.

देवराई

पाठराखण म्हणजे बाजू घेणं. मतदारांनी बाजू घेतली असं म्हणता येत नाही. 'पदरात घेतलं' म्हणा. चूक दिसते, तरी पदरात घेतात. दोष मान्य आणि माणूसही मान्य.

खतावणी

पदरात घेणारा मनाने मोठा असतो. इथे दुसऱ्या पक्षाच्या भीतीने मत दिलं गेलं. 'चालवून घेतलं' एवढंच लिहा.

पिंपळपान

'चालवून घेतलं' बरं वाटतं आहे. पण शेजाऱ्यांचं नंतरचं गप्प होणं त्यात येत नाही.

शिवार

उशिरा आलो. वरती वर्गणी वर्गणी चाललं आहे, पण आमच्या वऱ्हाडात कोणी वर्गणी म्हणत नाही, चंदा म्हणतो. 'चंदा खाल्ला' म्हटलं की सगळं आलं, घेतला कशाला आणि गेला कुठे.

देवराई

चंदा फारसी आहे.

शिवार

असेल. आमच्या आजोबांनी शाळेच्या इमारतीसाठी चंदाच मागितला होता आणि लोकांनी ज्वारीच्या पायल्या दिल्या होत्या. ती फारसी नव्हती.

घाटमाथा

देशावर 'पट्टी' म्हणतात, जत्रेची पट्टी. पण पट्टी घरटी ठरलेली असते, वर्गणी ऐच्छिक. चंदा यातला कोणता?

शिवार

दोन्ही. आणि पावती फाडतात दोन्हीची.

खतावणी

पट्टी ठरलेली असते हे सगळीकडे खरं नाही. आमच्या भागात पट्टी ऐपतीप्रमाणे लावतात आणि ती ज्याला लावली त्याने भरायचीच असते. दोन गोष्टी एक करू नका.