रॉटवायलर पाळलेल्यांनी अनुभव लिहा, ज्यांना चावला त्यांनीही

जळगाव (धागा काढणारी)

आमच्या घराचा पत्ता सांगावा लागत नाही. 'रॉटवायलरवाल्यांचं घर' म्हटलं की रिक्षावाला बरोबर आणून सोडतो, फक्त फाटकापासून चार घरं अलीकडे. कुरियरवाला तर कंपाउंडवरूनच पार्सल टाकतो.

ज्या जनावरामुळे हे सगळं चाललंय, ती आमची चंद्री. मी ओट्याशी भाकरी थापत असले की मागून येऊन पायाला अंग टेकून उभी राहते. चाळीस किलोचा भार! दुसरी भाकरी होईपर्यंत मी सिंकपाशी सरकलेली असते. या जातीच्या बऱ्याच कुत्र्यांना ही सवय असते. लाड केले की घशातून खर्जात आवाज काढतात. पाहुण्यांना ती गुरगुर वाटते आणि ते सोफ्यावर पाय वर घेतात.

धागा काढायचं कारण, सोसायटीच्या ग्रुपवर तेच एक पत्र पुन्हा पुन्हा येतंय. १२ मार्च २०२४ रोजी केंद्राच्या पशुसंवर्धन खात्याने राज्यांना लिहिलं होतं की २३ जातींची आयात, पैदास आणि विक्री थांबवा, घरी असलेल्यांची नसबंदी करून घ्या. त्यात रॉटवायलर होता, हे खरं. पण पुढच्याच महिन्यात कर्नाटक उच्च न्यायालयाने ते परिपत्रक रद्द केलं, हे मात्र कुणी फॉरवर्ड करत नाही.

तर लिहा. नुसतं 'आमचा खूप गोड आहे' नको. कुत्रा दिवसभर काय करतो, कुठे सांभाळावं लागतं, ते लिहा. वाईट अनुभवही येऊ द्या, मी भांडणार नाही. (थोडी भांडेन.)

रावेर, केळीवाला

ताई, आमचा वाघ्या आणला तो राखणीला. मळ्यातल्या मोटारीची केबल सारखी चोरीला जायची. कुत्रं दांडगं दिसलं म्हणजे झालं, एवढाच विचार. आता तो खळ्यापेक्षा गोठ्यात जास्त असतो.

संध्याकाळी गुरं आत घ्यायची वेळ झाली की एक कालवड हटकून बांधावर अडून बसते. वाघ्या तिच्याजवळ जातो, भुंकत नाही, चावत नाही, खांदा लावतो आणि ढकलतो. ती दोन पावलं सरकली की थांबतो, तिच्याकडे बघतो, पुन्हा खांदा. आमच्या सालदाराला वाटायचं मी शिकवलं. मी कशाला शिकवतोय! मग वाचलं की या जातीचं मूळ कामच ते. जर्मनीतल्या रॉटवाइल गावाकडची ही कुत्री, बाजाराला जाणारी गुरं हाकायची, खाटकांचे गाडे ओढायची. पुढे रेल्वे आली, गुरं पायी न्यायचं बंद झालं आणि जात जवळपास संपायला आली होती. ती तरली पोलिसांमुळे. १९१० मध्ये तिथे पोलिसी कुत्रा म्हणून मान्यता मिळाली.

म्हणजे हा मुळात गुराखी आहे हो. आपण त्याला गुंड म्हणतो.

केबल गेली नाही त्यानंतर. पण त्याने कुणाला धरलेलंही नाही. अंधारातून माणूस आला की वाटेत उभा राहतो आणि मी येईपर्यंत हलत नाही. मजुरांच्या पोरांना त्याची सवय आहे, तरी केळीची कटाई असली, ट्रकवाले आणि नवी माणसं मळ्यात आली, की मी त्याला खोलीत घेतो. त्यात त्याचा अपमान होत नाही.

अमळनेर, सूनबाई

आमच्याकडे खरा प्रश्न सासूबाईंचा होता. 'हाई जनावर घरमा नको' हे त्यांचं पहिलं वाक्य, आणि पुढचे कित्येक दिवस तेच शेवटचं. देवघर, सोवळं, केस गळतात, एक ना दोन.

आत्यांना (सासूबाईंना आम्ही आत्या म्हणतो) गुडघ्याचा त्रास. बाजेवरून उठताना आधार लागतो. काळू त्या उठायला लागल्या की शेजारी जाऊन उभा राहू लागला. त्याच्या पाठीवर हात टेकून त्या उठतात. कुणी शिकवलं नाही, कुणी सांगितलं नाही. (डॉक्टर असतील कुणी धाग्यावर तर सांगा, कुत्र्याच्या पाठीला याने त्रास होतो का?) आता दुपारी मालिका लागली की हाक ऐकू येते, 'काळू, आठे ये, मनाजोडे बठ.' मला अजून तेवढ्या प्रेमाने कुणी बोलावलेलं नाही!

श्रावणात आमच्याकडे कानबाई बसते. सगळे भाऊबंद जमतात, रोट होतात, घरात पाय ठेवायला जागा नसते, पोरं ओरडत धावतात. तेव्हा काळू मागच्या खोलीत, दार लावून, कूलर लावून. एका चुलत दिरांनी हट्ट धरला होता, 'काढ बाहेर, आम्ही काय भितो का?' नाही काढला. घरच्यांशी प्रेमळ असणं वेगळं आणि चाळीस पाहुण्यांच्या गोंधळात शांत राहणं वेगळं. ती परीक्षा त्याची कशाला घ्यायची?

धुळे, दुसऱ्या बाजूचा

मला चावलाय. म्हणून लिहितो.

एका बंगल्यावर कामाला गेलो होतो. कुत्रा दिवसभर फाटकाजवळ साखळीला, वर पत्रा. मालकांनी आत बोलावलं, साखळी त्यांना वाटली त्यापेक्षा लांब निघाली. मांडीचा लचका. पंधरा मिनिटं नळाखाली साबणाने धुतलं, दवाखान्यात जखमेत सिरम भरलं, मग लशी, पहिल्या दिवशी, तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या आणि अठ्ठाविसाव्या. मालकांचं वाक्य अजून कानात आहे, 'तो असं कधीच करत नाही.'

अमेरिकेत १९७९ ते १९९८ मध्ये कुत्र्यांच्या हल्ल्यात गेलेल्या आणि कुत्र्याची जात नोंदलेल्या २३८ जणांपैकी निम्म्याहून जास्त मृत्यूंत पिटबुलसारख्या जाती आणि रॉटवायलर होते. हे कसं विसरायचं?

जळगाव

भाऊ, विसरायचं नाही. पण ज्यांनी तो अभ्यास केला त्यांनीच पुढे लिहिलंय की एकूण किती रॉटवायलर पाळलेले होते हे माहीत नसताना यावरून जातीचा धोका काढता येत नाही. २०२२ मध्ये 'सायन्स' नियतकालिकात अठरा हजारांवर कुत्र्यांचा अभ्यास आला. एकेका कुत्र्याच्या वागण्यातल्या फरकांपैकी जातीमुळे येणारा वाटा सुमारे ९ टक्के निघाला.

आणि तुम्हीच लिहिलंत ना, दिवसभर साखळी, वर पत्रा. धुळ्याच्या उन्हात.

धुळे, दुसऱ्या बाजूचा

स्वभाव ९ टक्के असेल ताई, जबडा शंभर टक्के आहे. माझं म्हणणं बंदी घाला असं नाही. गावठी कुत्रं चावलं तर ओरखडा, हे चावलं तर टाके. म्हणून मालकावर जबाबदारीही तेवढी जास्त. जर्मनीतच बव्हेरिया राज्यात रॉटवायलर धोकादायक कुत्र्यांच्या यादीत आहे, तज्ज्ञाकडून त्याचा स्वभाव तपासून दाखला घेतला की मोकळीक मिळते. असं काही आपल्याकडे करा, मी पहिला पाठिंबा देईन.

जळगाव

यावर भांडण नाही. चंद्रीला उद्या तपासा.

भुसावळ, रेल्वे कॉलनी

मेमध्ये पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो, आपल्याला माहीत आहे. काळं, जाड, केसाळ कुत्रं. फिरायला पहाटे पाचला, नाहीतर रात्री. डांबरावर स्वतःच्या हाताची मागची बाजू ठेवून बघा, टिकवत नसेल तर त्याचे पंजेही भाजतील. खूप धापा टाकतोय, लाळ घट्ट झाली, अडखळतोय, असं दिसलं तर अंगावर साधं गार पाणी, पंखा आणि थेट डॉक्टर.

रेल्वेने न्यायचं असेल तर पहिल्या वर्गाच्या एसीत अख्खा कूपे किंवा केबिन आपल्या नावावर लागते, नाहीतर गार्डच्या डब्यातली पेटी. उन्हाळ्यात पेटी नकोच.

चाळीसगाव, पशुवैद्य

अमळनेरच्या ताई, नुसता हात टेकत असतील तर हरकत नाही. पूर्ण भार देत असतील तर थांबवा. या जातीत खुब्याच्या सांध्याचा दोष बराच दिसतो, त्यात पाठीवर ओझं नको. आजींसाठी बाजेला कठडा लावा.

माझ्याकडे येणारे रॉटवायलर दोन प्रकारचे. घरात वाढलेला टेबलावर चढवला की मालकाच्या काखेत तोंड खुपसतो, मी निवांत सुई देतो. साखळीवर वाढलेला आत येतो तोच अंग ताठ करून, हालचाल थांबलेली, डोळ्यांचा पांढरा भाग दिसतोय. लोक गुरगुरण्याला घाबरतात. मी या ताठरण्याला घाबरतो, आणि तुम्हीही घाबरा. गुरगुरल्याबद्दल कुत्र्याला मारू नका. मार खाऊन गुरगुरणं सोडलेला कुत्रा इशारा न देता चावतो.

पिल्लू तीन-साडेतीन महिन्यांचं होईपर्यंत माणसं, पोरं, सायकली, फेरीवाले, बँडचा आवाज, सगळं दाखवून घ्या. लसीकरण पूर्ण नसेल तर कडेवर घेऊन. आमच्याकडची मंडळी नेमका हाच काळ त्याला 'कडक' करण्यासाठी एकटं बांधून ठेवतात आणि वर कॅल्शियमच्या बाटल्या पाजतात. मोठ्या जातीच्या पिल्लाला जादा कॅल्शियमने हाडांचा अपायच होतो.

आणि भरीत, शेवभाजीचा रस्सा यातलं काही देऊ नका. कांदा, कांद्याची पात, लसूण, सगळं त्याला विषारी. कोरडी भाकरी चालेल.

अमळनेर, सूनबाई

कठड्याचं आजच सुताराला सांगते. आत्या म्हणताहेत, मग काळूला काय काम उरलं?

शहादा

पोरगी दीड वर्षाची आहे. पिल्लू घ्यावं का? एकाने जाहिरात दिलीय, चाळीस दिवसांचं, शेपूट कापलेलं, फोटो पाठवलेत.

चाळीसगाव, पशुवैद्य

हे नका घेऊ. आठ आठवड्यांच्या आत पिल्लू आईपासून तोडू नये, चावा किती जोरात घ्यायचा हे ते भावंडांत शिकतं. शेपूट कापायची गरजच नाही, जर्मनीत त्यावर बंदी आहे. आणि पोरगी दीड वर्षाची असताना तिला आणि कुठल्याही कुत्र्याला एका खोलीत एकटं सोडता येत नाही, पॉमेरेनियन असला तरी. घरात दिवसभर मोठं माणूस असतं का?

शहादा

आई असते. पण ती कुत्र्याला घाबरते.

जळगाव

मग आधी आईंना घेऊन आमच्याकडे या. त्यांना बसू दे चंद्रीजवळ दुपारभर, चहा मी करते. त्यांचं मत झालं तरच पिल्लू बघा, आणि तेही पिल्लाची आई समोर बघून. फोटोवर नाही.