फिफा २२ करिअर मोड, वर्ल्ड क्लासवर डिफेन्स कसा करायचा? (कीबोर्डवर खेळतोय)

पेठेतला_स्ट्रायकर
मंडळी, कोल्हापूरहून लिहितोय. लॅपटॉपवर फिफा २२ हा फुटबॉलचा गेम खेळतो. करिअर मोडमध्ये क्रिएट अ क्लब (स्वतःची टीम बनवायचा पर्याय) घेऊन आमच्या पेठेच्या तालमीच्या नावाने टीम केलीय, जर्सी पण त्याच रंगाची, आणि ती आयएसएलमध्ये (इंडियन सुपर लीग) घातलीय, म्हणजे मुंबई सिटी, एफसी गोवा, बेंगळुरू सगळे समोर येतात. लहानपणापासून शाहू स्टेडियमवर मॅच बघणाऱ्याला आपल्या तालमीचं नाव स्कोअरबोर्डवर दिसलं की लई भारी वाटतं.

आता प्रॉब्लेम असा की प्रोफेशनल लेव्हलवर मॅच एकतर्फी होतात, चार-पाच गोलनी जिंकतो, मजाच येत नाही. त्याच्या वरची वर्ल्ड क्लास लेव्हल केली की सगळं उलटं. मधून एक थ्रू बॉल (डिफेन्सच्या मागं टाकलेला पास) पडतो, त्यांचा स्ट्रायकर माझ्या दोन सेंटर बॅकच्या मधून निघून जातो आणि पुढं गोलकीपर एकटा. मी ज्याच्याकडे बॉल आहे त्याच्यावर सेंटर बॅक घेऊन फुल स्प्रिंटने जातो, टॅकल मारतो, तो बाजूला होऊन पास देतो. कॉन्स्टंट प्रेशर (सगळी टीम सतत बॉलमागं पळते ती सेटिंग) लावून बघितलं तर साठाव्या मिनिटाला सगळे दमलेले. गेमपॅड घेतला तर फरक पडेल का, की सेटिंगमध्येच काहीतरी आहे? नवीन गेम घे असं सांगू नका, लॅपटॉप जुना आहे आणि ही टीम मला सोडायची नाही.

नंबर_सहा
भावा, आधी सेंटर बॅकला हात लावायचा बंद कर. तू त्याला पुढं ओढलास की त्याच्या मागं जी जागा मोकळी होते तिथंच तो थ्रू बॉल पडतो, वर्ल्ड क्लासवर कॉम्प्युटरला ती जागा लगेच दिसते. मागची लाइन गेमवर सोड, ती आपोआप बरी उभी राहते. तू सीडीएम (डिफेन्सच्या पुढं उभा राहणारा मिडफिल्डर) घे आणि त्याला बॉलवर पाठवू नकोस, बॉल आणि त्यांचा स्ट्रायकर यांच्या मधे उभा कर. पासची वाट बंद झाली की तो एकतर मागं खेळतो नाहीतर बाजूला जातो, दोन्ही तुला चालतंय.

दुसरं स्प्रिंट. डिफेन्स करताना स्प्रिंट फक्त मागं परत पळायला, समोरच्याजवळ पोचलास की सोडायचं आणि जॉकीचं बटन धरायचं. जॉकीत आपला प्लेयर समोरच्याकडं तोंड करून सरकत राहतो, तो वळला की हा पण वळतो. स्प्रिंटमध्ये असताना समोरच्यानं दिशा बदलली की तू गेलासच, वळायला वेळ लागतो. टॅकल कधी, तर त्याचा टच लांब गेला तेव्हाच, तोपर्यंत बटन दाबायचं नाही. हे अवघड जातं कारण आपल्यापैकी बरेच जण सायबर कॅफेत जुन्या फिफावर शिकलेत, तिथं प्रेसचं बटन धरून ठेवलं की प्लेयर आपोआप जाऊन बॉल काढून आणायचा. फिफा १२ मध्ये टॅक्टिकल डिफेंडिंग आलं तेव्हापासून तसं चालत नाही, टायमिंग आपलं आपण बघायचं. दोन-चार मॅच गोल खाशील, खा, पण स्लाइड टॅकल पूर्ण बंद ठेवून खेळ.

फातोर्डा_नॉर्थ_स्टँड
वरचं सगळं बरोबर, मी टॅक्टिक्सचं सांगतो. कॉन्स्टंट प्रेशर काढून बॅलन्स्ड लाव, डेप्थ थोडी कमी कर म्हणजे लाइन मागे राहील आणि तिच्या मागे पळायला जागाच कमी मिळेल. दोन्ही फुलबॅकना (कडेचे डिफेंडर) स्टे बॅक व्हाइल अटॅकिंग दे, दोघंही वर गेले की काउंटरला (बॉल गमावल्यावर लगेच होणारा हल्ला) तुझ्याकडे दोनच जण उरतात. ४-२-३-१ जमत असेल तर बेस्ट, दोन सीडीएम मिळतात, त्यातल्या एकाला कव्हर सेंटर (मध्येच थांब) ही सूचना दे. एफसी गोवा घेऊन मी असंच खेळतो, पझेशन जास्त आमच्याकडे असतं त्यामुळे बॉल गेला की मागे कोण उभं आहे यावरच सगळं ठरतं.

आणि तरीही दोन लेव्हलमधली दरी मोठी वाटली तर सेटिंगमध्ये स्लायडर आहेत, त्यांनी पास, वेग वगैरे कमीजास्त करता येतं. सगळे ५० वर असतात, यूजर (आपली टीम) आणि सीपीयू (कॉम्प्युटरची टीम) वेगळे. सीपीयूचा पास एरर ५५ ते ६० कर, पास स्पीड ४५. कॉम्प्युटरचे पास फार अचूक जातात ते थोडे माणसासारखे होतात. चालू करिअरमध्येही बदलता येतं, टीम नवीन करावी लागत नाही.

पुणे_अजून_आहे
स्लायडरला माझा विरोध आहे, निदान आत्ता तरी. आधी डिफेन्स शिक, मग वाटलं तर बदल. एकदा पास एरर वाढवला की नक्की कशामुळे जिंकतोय तेच कळत नाही.

तू विचारलंस ते गेमपॅडचं कुणीच सांगितलं नाही. फरक पडतो, आणि तो डिफेन्समध्येच जास्त पडतो. कीबोर्डवर आठच दिशा मिळतात, जॉकी करताना थोडंसंच सरकायचं असतं ते अॅनालॉग स्टिकवर जमतं. शिवाय उजव्या स्टिकने पाहिजे तोच प्लेयर निवडता येतो, म्हणजे सेंटर बॅक सोडून थेट सीडीएम. कीबोर्डवर स्विचचं बटन दाबलं की गेम ठरवतो कोण येणार, आणि येतो तो बहुतेकदा बॉलजवळचा सेंटर बॅकच. घेताना एक्सइनपुट (पीसी गेम ओळखतात ती गेमपॅडची पद्धत) सपोर्टवाला घे, नाहीतर बटनं उलटीसुलटी होऊन बसतात.

तोपर्यंत कीबोर्डच असेल तर एक चेक कर. साध्या कीबोर्डवर दोन अॅरो आणि तिसरं बटन एकत्र दाबलं की कधीकधी तिसरं लागतच नाही. टॅकल दाबूनही होत नाही असं वाटत असेल तर हे कारण असू शकतं. जॉकी किंवा स्प्रिंट शिफ्टवर घे, शिफ्ट आणि कंट्रोल सहसा असे गायब होत नाहीत.

नवीन गेम न घेण्याचं तुझं योग्यच आहे. फिफा २३ पासून पीसीला जड व्हर्जन आलं, १०५० टीआय कार्ड आणि १०० जीबी जागा मागतं, २२ ला त्याच्या निम्मी जागा पुरते. आणि २०२३ मध्ये एफसी २४ (याच सिरीजचं नवं नाव) आलं तेव्हा जुने फिफा ऑनलाइन विक्रीतून काढले, त्यामुळे आहे ते जप. मीपण क्रिएट अ क्लबमध्ये पुण्याची टीम केलीय. एफसी पुणे सिटी २०१९ मध्येच बंद झाली, गेममध्ये आयएसएल आली तोवर आमची टीम राहिलीच नव्हती, त्यामुळे ती सेव्ह फाइल माझ्यासाठी फार महत्त्वाची आहे. डॉक्युमेंट्समध्ये फिफा २२ चं फोल्डर आहे, त्यात सेटिंग्ज नावाचं फोल्डर असतं, सेव्ह त्यातच असते, ते पूर्ण पेनड्राइव्हवर कॉपी करून ठेव.

पेठेतला_स्ट्रायकर
सगळ्यांचे आभार. फुलबॅक मागं ठेवले, जॉकी शिफ्टवर घेतलं आणि सीडीएमनं खेळलो. मुंबई सिटीबरोबर १-१, पहिल्यांदाच मधून एकपण गोल खाल्ला नाही, जो गेला तो कॉर्नरवर. सेव्ह कॉपी केली. स्लायडर नाही लावले अजून. आता कॉर्नरला कोणता प्लेयर घ्यायचा तेवढं सांगा, तिथं पण सगळे जागेवर उभे राहतात आणि त्यांचा उंच सेंटर बॅक डोकं लावून जातो.

नंबर_सहा
कॉर्नरला तुझा सगळ्यात उंच प्लेयर घे, बॉल मारायच्या आधीच त्यांच्या त्या उंच माणसाला चिकटव, आणि बॉल हवेत असतानाच क्लिअरचं बटन दाबून ठेव. गोलकीपरला बाहेर बोलवू नकोस.