मदत हवी आहे: पावसात कोरफड सडतेय, आणि आईला तिचाच रस प्यायचाय

नमस्कार मंडळी,
भांडुपला तिसऱ्या मजल्यावर राहते, किचनच्या ग्रिलमध्ये कोरफड आहे. सावंतवाडीला आजीच्या परसातलं पिल्लू ६ वर्षांपूर्वी वर्तमानपत्रात गुंडाळून एस्टीने आणलेलं, आता आजी नाही त्यामुळे त्या झाडात जीव अडकलाय माझा. मे महिन्यात पानं कुंडीबाहेर लोंबत होती इतकी फोफावलेली, पण जून सरता सरता खालची पानं पिवळी पडायला लागली, मला वाटलं पाणी कमी पडतंय म्हणून मी रोज घालत बसले. काल खालच्या पानाला नुसता हात लावला तर ते हातातच आलं, बुडाशी लिबलिबीत आणि घाण वास. लाल माती आणि कोकोपीट आहे, प्लास्टिकची कुंडी, खाली ताटली.

दुसरं म्हणजे आईने कुठलातरी व्हिडिओ बघून अख्खं पान सालीसकट मिक्सरला लावून उपाशीपोटी प्यायला सुरुवात केली. तिसऱ्या दिवशी जुलाब. तिला शुगरची गोळी चालू आहे. म्हणते "तुझी आजी पण वापरायची की". अगं वापरायची, पण केसांना आणि भाजल्यावर, ती पिताना मी कधी बघितली नाही! काय सांगू तिला?

कुंडीवाला_ठाणे:
ताई आधी ती ताटली काढा. कोरफड मूळची अरबस्तानाकडची, पानातच पाणी साठवते, त्यात दिवसा पानाची छिद्रं बंद ठेवून रात्री उघडते, म्हणून तिला पाणी लागतंच कमी आणि आपल्या जुलैच्या दमट हवेत तर माती आठ आठ दिवस सुकत नाही. झाड आजच उपटा, काळी मऊ मुळं चांगली पांढरी लागेपर्यंत स्वच्छ सुरीने कापा, मग सावलीत ४-५ दिवस तसंच पडू द्या, काप सुकला पाहिजे. मग मातीची कुंडी, अर्धी माती, अर्धी जाड वाळू नि विटांचे तुकडे. कोकोपीट पाणी धरून ठेवतं, ते पावसाळ्यात नकोच. कडेला पिल्लं असतील तर ती आधी वेगळी करा, आई गेली तरी पिल्लं जगतात.

अबोली७:
आईंचा रस आजच बंद करा. साल आणि गर यांच्या मधे जो पिवळा कडू चीक असतो ना, त्यात अ‍ॅलोइन असतं, जुलाब त्यानेच होतात. काष्ठौषधीच्या दुकानात काळा बोळ मिळतो तो म्हणजे हाच चीक सुकवलेला, आता बोला! अमेरिकेत जुलाबाच्या औषधांतून कोरफड २००२ साली काढून टाकली. आणि पोषणाचं म्हणाल तर आतला गर जवळजवळ ९९ टक्के पाणीच असतो, बाकी थोडी चिकट साखरद्रव्यं, व्हिटॅमिन सी हवं तर आवळा कितीतरी पटीने बरा. शुगरच्या गोळीबरोबर कोरफडीने साखर जास्तच खाली येऊ शकते, त्यात जुलाबाने अंगातलं पाणी आणि पोटॅशियम जातं ते वेगळंच. डॉक्टरांना सगळं सांगा. त्वचेला लावायला सुद्धा पान कापून १५ मिनिटं उभं धरून ठेवा, पिवळं गळून जाऊ दे, मग धुऊन साल काढा.

धागाकर्ती:
दोघांचे खूप आभार. उपटलं आत्ता. मोठं खोड आतून पार काळं, वाचणार नाही, रडले थोडी. पण कडेला दोन पिल्लं निघाली, बोटाएवढी, मुळं पांढरीशुभ्र! फ्रिजवर वर्तमानपत्रात ठेवलीत. आईला प्रतिसाद वाचून दाखवला, काळा बोळ ऐकल्यावर गप्प झाली, तिच्या लहानपणी घरात होता म्हणाली. उद्या डॉक्टरकडे नेतेय. आता पिल्लं लावल्यावर पहिलं पाणी कधी घालू?

कुंडीवाला_ठाणे:
लावल्यावर आठवडाभर काही नको. मग बोट दोन पेरं मातीत घालून बघा, कोरडं लागलं तरच. आणि ग्रिलमध्ये पागोळ्या पडतात ती जागा सोडून ठेवा.