वजन किती? भाजलेल्या माणसाजवळ बसलेल्यांचे अनुभव

शेवंती७२:
आज माळा आवरताना बाबांच्या जुन्या पाकिटात स्टेशनवरच्या काट्याचं तिकीट सापडलं. ४१ किलो, मागे भविष्य: प्रवासाचा योग. आईचं. १९९६ला स्टोव्हचा भडका उडून पदर पेटला, ३० टक्के भाजली. डॉक्टरांनी पहिलं विचारलं, वजन किती? मी भडकले, इथे माणूस जळलंय आणि वजन काय विचारता! बाबांनी मुकाट्याने हे तिकीट पुढे केलं. चार मिली गुणिले किलो गुणिले टक्के, म्हणजे जवळजवळ पाच लिटर सलाईन. त्यातलं निम्मं भाजल्यापासून आठ तासांत. आधी सुजून ओळखू येईना, महिन्याने ३४ किलो. पण वाचली. तुमचेही अनुभव लिहा.

मुक्ता_ठाणे:
आमच्या मामाचं उलट, ११० किलो. सगळे म्हणायचे, अंगाने भक्कम आहे, तरून जाईल. कसलं काय! साखर आटोक्यात येईना, मांडीची कातडी काढून पोटावर लावली ती दोनदा सुटली, कुशीवर वळवायला चौघं लागायचे. गेला.

शेवंती७२:
अगं 😔

पेजभात:
कुकर लावलाय, घाईत लिहितेय. वहिनी आधीच काडी. नाकातून नळी, दर दोन तासांनी दूध, अंडं, पावडर. म्हणायची, बाळंतिणीचे पण एवढे लाड नसतात. सासूबाई कट्टर शाकाहारी, पण म्हणाल्या, नळीतून जातंय ना, तोंडाला कुठे लागतंय 😀

जुनी_सिस्टर:
२२ वर्षं बर्न्स वॉर्ड केला. पेशंट वाचणार का, हे आधी वय, किती टक्के भाजलंय आणि धूर छातीत गेलाय का यावर. वजन नंतर. पण फार काटकुळे आणि फार जाड, दोघंही घाम फोडतात. भाजलेलं अंग पडल्या पडल्या स्वतःचेच स्नायू खातं. म्हणून जाड माणसालाही उपाशी ठेवायचं नसतं. "बरंय, बारीक तरी होईल" म्हणणारे नातेवाईक पाहिलेत मी! आणि जाड पेशंटला नुसत्या सूत्राने सलाईन लावलं तर जास्त होतं, तासातासाला लघवी मोजायची. सूज असेपर्यंत काट्यावर विश्वास नाही.

मुक्ता_ठाणे:
मामालाही पेज चालेल म्हणून हट्ट धरलेला आम्ही. प्रोटीनचं कुणी समजावलंच नव्हतं.

डबेवाली_नाही:
विषयांतर, पण तो लाल दिवे फिरणारा काटा ना? आम्ही दोघी बहिणी एका रुपयात एकदम उभ्या राहायचो. भविष्य एकच यायचं, त्यावरून भांडण.

पेजभात:
😂 शिट्टी झाली, आले.