विमान उतरलं, किल्ली कुठाय? विमानतळ ते भाड्याचा फ्लॅट: तुमचे अनुभव

गेल्या डिसेंबरात आम्ही पुण्याहून गोव्याला गेलो. मी, नवरा, सासूबाई आणि पाच वर्षांची लेक. पाळोळ्याला, म्हणजे पालोलेमला, चार रात्रींसाठी फ्लॅट घेतला होता. तिकिटं बघताना मोपा विमानतळाचं माणशी नऊशे रुपयांनी स्वस्त दिसलं आणि मी हुशारी केली. गोव्यातल्या गोव्यात असून असून किती लांब असणार?

मोपा पेडण्यात, महाराष्ट्राच्या उंबऱ्यावर. पाळोळे काणकोणात, कर्नाटकाच्या उंबऱ्यावर. मध्ये अख्खा गोवा, शंभरावर किलोमीटर. दाबोळीच्या जुन्या विमानतळावर उतरलो असतो तर साठेक. वाचवलेले पैसे टॅक्सीत गेले आणि लेक वाटेत दोनदा ओकली ती वेगळीच.

पोचलो तेव्हा रात्रीचे साडेनऊ. किल्ली दाराशेजारच्या लोखंडी पेटीत होती, कोड मोबाइलवर आलेला. पेटीला आकड्यांच्या चार चकत्या, खाऱ्या हवेने गंजलेल्या. नवऱ्याने टॉर्च धरला. दोन चकत्या फिरल्या, तिसरी सातावरून हलेना. लेक पायरीवरच झोपली. शेवटी सासूबाईंनी पर्समधून खोबरेल तेलाची बोटभर बाटली काढली, दोन थेंब सोडले, जरा थांबा म्हणाल्या. मग खट्! त्या बाटलीवरून मी त्यांना दर प्रवासात चिडवायचे. आता तोंड नाही.

तर विमानतळाच्या दारापासून भाड्याच्या घराच्या कुलपापर्यंत तुमचं काय काय झालं ते लिहा. हरवलेल्या सामानाच्या कहाण्या नकोत, त्यासाठी वेगळा धागा काढू.

बार्देसकार:
ताई, पाळोळ्याचा माणूस मोपाला उतरला की आम्हाला हसूही येतं आणि वाईटही वाटतं. मोपा सुरू झाला जानेवारी २०२३ मध्ये, पण लोक अजून तिकिटावर नुसतं 'गोवा' वाचतात. जीओआय असेल तर दाबोळी, जीओएक्स असेल तर मोपा. कोलवा, बाणावली, पाळोळे यांना दाबोळी. हरमल, मोरजीला मोपा. पणजीला कुठूनही या.

ओला-उबर इकडे नाहीत. बाहेर येऊन मोबाइल चोळत उभे राहिलेले लोक रोज दिसतात. प्रीपेड टॅक्सीच्या खिडकीवर जा, नाहीतर गोवा माइल्सचं टॅक्सी ॲप. सामान बेताचं असेल तर कदंबची बस आहे, मोपाहून पणजी, मडगाव, कळंगुटला जाते. भाडं टॅक्सीच्या मानाने काहीच नाही.

आणि पत्त्याचं म्हणाल तर आमचा पत्ता म्हणजे घर नंबर, वाडो, गाव. नंबर ओळीने असतील या भ्रमात राहू नका. मालकाला आधीच विचारून ठेवा, जवळचं कपेल म्हणजे छोटं चर्च कुठलं, खुरीस म्हणजे क्रूस कुठे. ड्रायव्हरला तेच सांगा. मोबाइलच्या नकाशातल्या पिनच्या नादी लागलात तर ती बरोब्बर घराच्या मागे नेऊन उभं करते, घर समोर दिसतं आणि मध्ये भाताचं शेत. रात्री बॅगा डोक्यावर घेऊन बांधावरून चालणारे पाहुणे मी स्वतः पाहिलेत.

खाटपाट:
हॉटेलात रिसेप्शनला माणूस असतो. एवढं बोलून मी खाली बसतो.

चाकमोड्या:
व्हेनिस. विमानतळावरून बसने पियाझ्झाले रोमाला आलो. गाड्यांचं राज्य तिथे संपतं, पुढे पाणी नाहीतर पाय. बोटीचं तिकीट मला महाग वाटलं. नकाशात अडीच किलोमीटर, म्हटलं चालू. नकाशात पूल सपाट दिसतात हो! प्रत्यक्षात पायऱ्या चढा, पायऱ्या उतरा, वीस पावलं चाला की पुढचा. मी मोजत होतो. अकराव्या पुलावर बायको बोलायची थांबली, म्हणून मीही मोजायचं थांबवलं. पुढे कुठेतरी एक चाक निखळलं.

खरी गंमत पुढेच. पत्ता होता कास्तेल्लो आणि पुढे चार आकडी नंबर, गल्लीचं नाव नाही. तिथे घरांना नंबर गल्लीचे नसतात, अख्ख्या विभागाचे असतात, आणि कास्तेल्लोत ते सहा हजारांच्या पुढे जातात. आमच्या नंबरच्या दोन अलीकडचं दार सापडलं, तिथे गल्ली संपली आणि समोर कालवा. पुढचा नंबर वळसा घालून पलीकडच्या चौकात. तिथल्या मालकाला एवढंच विचारा, 'उतरायचा बोटीचा थांबा कोणता?' आणि बोटीचे पैसे द्या.

मधली_आई:
आम्ही आईबाबांना घेऊन पॅरिसला. विमानतळावरून टॅक्सीचं भाडं ठरलेलं असतं, सेन नदीच्या उजव्या किनाऱ्याला एक, डाव्याला दुसरं. हे माहीत होतं, त्यामुळे आतच गाठून 'टॅक्सी?' विचारणाऱ्याला नाही म्हणून बाहेरच्या रांगेत उभे राहिलो. तिथवर सगळं शहाण्यासारखं.

रस्त्यावरच्या दाराला कोड. कोड ॲपमधल्या निरोपात, निरोप उघडायला नेट हवं, आणि माझं रोमिंग बंद पडलेलं. बाबा कोपऱ्यावरच्या बेकरीत गेले आणि 'बाँजूर, वायफाय' एवढ्या भांडवलावर पासवर्ड घेऊन आले, वर एक लांबलचक पाव. जिन्यातला दिवा काही वेळाने आपोआप विझतो, हे चौथ्या मजल्यावर कळलं. किट्ट अंधारात आई म्हणाली, "आमच्या गिरगावच्या चाळीत निदान कुणीतरी दार उघडून बघायचं." आता कोड कागदावर, कागद बाबांच्या खिशात.

शिवोलीतलं_घर:
मी पलीकडच्या बाजूने लिहिते. आमचा फ्लॅट शिवोलीला, आम्ही ठाण्यात. किल्ली खालच्या मावशींकडे. पाहुणे कळवतात 'संध्याकाळी येतो'. मग विमानाला उशीर, मग वाटेत मासे खायला थांबणं, मग साडेअकरा. मावशींची झोपायची वेळ नऊ. त्या किल्ली मांडीवर घेऊन व्हरांड्यात बसून राहतात, आणि फोन मात्र कुणी करत नाही. एकदा तर लोक परस्पर हॉटेलात राहिले. सकाळी मावशींनी मला काळजीने विचारलं, "बाय, ते पावले मगो?" म्हणजे, पोचले ना गं? मला काय उत्तर द्यावं कळेना.

आणखी एक. परदेशी पासपोर्टवाल्या पाहुण्यांची माहिती आम्हाला २४ तासांत सरकारला कळवावी लागते. पासपोर्टचा फोटो त्यासाठी मागतो, चौकशा करायच्या म्हणून नाही.

नवखी:
आमचं विमान मोपाला रात्री १ ला उतरतंय, चेक-इन दुपारी २. तेरा तास काय करायचं?

बार्देसकार:
आदल्या रात्रीचंही भाडं भरा. एवढ्या रात्री टॅक्सी आधी ठरवून ठेवा, ड्रायव्हरचा नंबर घेऊन ठेवा.

शिवोलीतलं_घर:
आणि खाली कुणी मावशी असतील तर त्यांना जागवू नका. किल्ली पेटीत ठेवायला सांगा.

नवखी:
पेटीच आहे. तेल घेतलं.